न आलेली तिसरी बोट

मंडळी, डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने इकडे फिरकलो नव्हतो. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आणि पहिल्याच आठवड्यात डोकं तापलं, म्हणून हे लिहितोय. ज्यांना माझं ‘प्रवचन’ नकोसं होतं (घरातल्या दोघातिघांची नावं घेत नाही), त्यांनी इथूनच परत फिरावं.

झालं असं. रॉटरडॅमला असणारी आमची पुतणी दिवाळीला आली. येताना माझ्यासाठी एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन आली. डच प्रवासी बोटींचा सचित्र इतिहास. “काका, तुम्हाला बोटींचं वेड आहे ना, म्हणून आणलं!” वेड आहेच. लहानपणी कोकण बोटीनं केलेले प्रवास, धक्क्यावरचा तो कोळशाचा आणि माशांचा वास, आणि ‘रामदास’ बुडाली त्याच्या घरात ऐकलेल्या गोष्टी, एवढ्या भांडवलावर हे वेड आयुष्यभर टिकलंय. पुस्तक इंग्रजीत. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे डिक्शनरी मांडीवर घेऊनच बसलो.

पुस्तकाची मांडणी मोठी नीटस आहे. प्रत्येक बोटीचे दोन भाग, शांततेचा काळ आणि युद्धाचा काळ. म्हणजे ‘न्यू ॲमस्टरडॅम’ घ्या. 1938 मध्ये अटलांटिकवर धावू लागली. आधी झुंबरं, गालिचे, नाचाचे हॉल. मग युद्ध आलं, गालिचे गुंडाळले, बोटीला करडा रंग फासला आणि युद्ध संपेपर्यंत तिनं साडेतीन लाखांवर सैनिकांची ने-आण केली. ‘ओरान्ये’ घ्या. युद्ध सुरू होताना कोरी करकरीत, 1941 मध्ये तिची इस्पितळ-बोट झाली. सगळ्या बोटी शांततेत देखण्या आणि युद्धात शूर. वाचताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मग शेवटच्या तक्त्यात, बारीक टाइपात, ‘व्हॅन इमहॉफ’ भेटली. 1914 ची बांधणी, साधारण तीन हजार टनांची. आणि पुढे एक ओळ : 19 जानेवारी 1942, सुमात्राच्या पश्चिमेला जपानी विमानाच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली.

बास. एवढंच.

या ओळीत एकही शब्द खोटा नाही. तारीख बरोबर, जागा बरोबर, विमान जपानी हेही बरोबर. आणि तरीही मी चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, या ओळीइतकं लबाड वाक्य मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही.

आधी तिच्या शांततेच्या दिवसांबद्दल. ती अटलांटिकवरची महाराणी नव्हती. डचांच्या ताब्यातल्या ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, बेटाबेटांना जोडणाऱ्या के.पी.एम. कंपनीची ती एक आगबोट. आपल्याकडे एस.टी. तशी तिकडे के.पी.एम. टपाल, मिरी, खोबरं, रबर, कारकून, कलेक्टर, सगळं तिच्यावरून जायचं. गोरे केबिनमध्ये आणि बाकीचे डेकवर, उन्हापावसात. ज्याला पुस्तकात शांतता म्हटलंय ती ही अशी शांतता, हे आपलं जाता जाता.

नावाची गंमत बघा. व्हॅन इमहॉफ हा अठराव्या शतकातला डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल. त्याआधी तो सिलोनचा गव्हर्नर होता आणि त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याला युद्धाच्या धमक्या देऊन गेला होता. त्याचा निकाल 1741 मध्ये कोलाचेलच्या लढाईत लागला. डच हरले आणि त्यांचा दी लानॉय नावाचा अधिकारी कैद झाला. राजानं त्या कैद्याचं काय केलं? त्याला नोकरीत घेतलं, आणि त्यानं राजाची फौज उभी केली. असो. मुद्दा असा की हा व्हॅन इमहॉफ जन्मानं जर्मन मुलखातला, लेअर गावचा. म्हणजे ज्या बोटीवर जर्मनांना जर्मन म्हणून मरू दिलं, तिचं नावच एका जर्मनीत जन्मलेल्या माणसाचं होतं.

आता त्या एका ओळीत काय दडवलंय ते.

10 मे 1940 रोजी हिटलरनं हॉलंडवर हल्ला केला. त्याच दिवशी ईस्ट इंडीजमधल्या जर्मनांची धरपकड सुरू झाली. पुरुष जवळजवळ अडीच हजार. त्यात नाझी पक्षाचे लोक होते, नव्हते असं नाही. पण त्यातच मळ्यांवरचे मॅनेजर होते, डॉक्टर होते, बटाक लोकांत काम करणारे मिशनरी होते आणि, हे नीट वाचा, हिटलरच्या भीतीनं जर्मनीतून पळून आलेले ज्यूही होते. पासपोर्ट जर्मन, म्हणजे माणूस शत्रू. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नसतं.

पुढे जपान युद्धात उतरला. जपानी आले तर हे सगळे सुटतील म्हणून त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानात हलवायचं ठरलं. सुमात्राच्या सिबोल्गा बंदरातून तीन बोटी सुटल्या. पहिली ‘ओफीर’, दुसरी ‘प्लान्सियस’. त्या दोन्ही हिंदुस्थानात सुखरूप पोचल्या आणि त्यांच्यावरचे लोक शेवटी डेहराडूनच्या छावणीत गेले. (आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यातही 1939 पासून जर्मन नागरिक डांबलेले होते आणि पुरंदरवरही होते. किल्ल्यावर सहल नेताना मी मुलांना मुरारबाजी सांगायचो, हे कधी सांगितलं नाही. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.)

तिसरी बोट ‘व्हॅन इमहॉफ’. ती 18 जानेवारी 1942 ला निघाली. तिच्यावर 478 जर्मन कैदी, काटेरी तारांच्या पिंजऱ्यांत कोंडलेले. त्यांच्यावर पहारेकरी आणि खलाशी मिळून 110. आत कैदी आहेत असं दाखवणारी कुठलीही खूण बोटीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी नियास बेटाजवळ जपानी विमान आलं, त्यानं बॉम्ब टाकले. बोटीला थेट मोठा तडाखा बसला नाही, पण तळ फुटला आणि पाणी शिरू लागलं. बोट एका झटक्यात गेली नाही. बुडायला वेळ लागला.

त्या वेळात काय झालं? खलाशी आणि पहारेकरी लाइफबोटींत बसले. सगळे 110. मोटरहोडीनं बाकीच्या होड्या ओढत नेल्या आणि ते निघून गेले. मागे उरली ती एक अडकून पडलेली लाइफबोट आणि एक छोटी होडी. वल्ह्यांचा पत्ता नाही. कैद्यांनी तारा तोडल्या, कसेबसे त्या दोन होड्यांत 67 जण मावले. काहींनी बांबूचे तराफे धरले. बाकीचे बोटीबरोबर गेले.

इथवर आलो आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटावर आमचे जावईबापू म्हणाले, “काका, युद्ध होतं हो ते. युद्धात असं होतंच. आणि शेवटी ते जर्मन होते. तिकडे जर्मनांनी काय काय केलं ते बघा ना.”

जावईबापू, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. रागावू नका, पण उत्तर चकलीबरोबर देता आलं नाही, ते इथे देतो.

जर्मनांनी काय केलं ते मला ठाऊक आहे. तुम्ही ज्या शहरात राहता ते रॉटरडॅम त्यांनी 14 मे 1940 ला बॉम्बनी भाजून काढलं, आठशेच्या वर माणसं गेली. ईस्ट इंडीजमधल्या जर्मनांना पकडलं म्हणून हॉलंडमधल्या शेकडो डचांना ओलीस धरून बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेलं. डच माणसाच्या मनात किती राग असेल याची मी कल्पना करू शकतो. पण राग रॉटरडॅमवर बॉम्ब टाकणाऱ्यावर असायला हवा. काटेरी तारेमागे बसलेल्या मिशनऱ्यानं कुठला बॉम्ब टाकला होता?

आणि एकाचं नाव सांगतोच. वाल्टर श्पीस. चित्रकार, संगीतकार. जन्म मॉस्कोचा, 1895 चा. पहिल्या महायुद्धात रशियानं त्याला जर्मन म्हणून उरल पर्वताकडे स्थानबद्ध केलं. पुढे युरोपला कंटाळून तो जावाला आणि 1927 मध्ये बालीला गेला आणि उबुडला राहिला. तिथल्या चित्रकारांसाठी 1936 मध्ये ‘पिता महा’ ही संस्था निघाली, तिच्यात तो होता. आज पर्यटक बालीत तो शेकडो पुरुषांचा ‘केचक’ बघायला जातात ना (तुम्हीही हनिमूनला गेला होतात, फोटो आहेत आमच्याकडे), त्याला आजचं रूप देण्यात श्पीसचा हात होता. आणि बालीला त्या काळी पर्यटक आणत कोण होतं? हीच के.पी.एम. कंपनी. तिनंच 1928 मध्ये डेन्पासारला बाली हॉटेल बांधलं. ज्या कंपनीनं बालीची स्वप्नं विकून तिकिटं खपवली, तिच्याच बोटीच्या पोटात, बालीचं रूप जगाला दाखवणारा हा माणूस बुडाला. दोन युद्धं, दोन सरकारं, दोन्ही वेळा गुन्हा एकच : पासपोर्ट.

तुमचा दुसरा मुद्दा, “माणूस घाबरला की काहीही करतो, घरात बसून बोलणं सोपं आहे.” हे मात्र मला लागलं. कारण ते खरं आहे आणि मी ते केलेलं आहे.

1983 किंवा 84 साल असेल. सातवीची सहल घेऊन निघालो होतो. घाटात बसच्या पुढच्या भागातून अचानक धूर यायला लागला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि ओरडला. मंडळी, मी दारापाशी बसलो होतो आणि सगळ्यांच्या आधी मीच खाली उतरलो. बेचाळीस मुलं आत. रस्त्यावर उभा राहिल्यावर, चारपाच सेकंद असतील, माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. मग परत चढलो, एकेकाला उतरवलं, मोजलं, पुन्हा मोजलं. पुढे काही झालं नाही, पट्टा जळाला होता. मुलांच्या लक्षातही आलं नसेल. मी हे आमच्या सौ.नासुद्धा बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तेव्हा घाबरणं मला कळतं. 19 जानेवारीच्या त्या दुपारी होडीत आधी उडी मारणाऱ्या खलाशाला मी फासावर द्या म्हणणार नाही. एवढ्या माणसांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या हेही मान्य. पण वल्ह्यांचं काय? पाण्यात उतरून, थोडं दूर जाऊन, विमान गेल्यावर मागे वळून पाहण्याचं काय? माझी चारपाच सेकंदं संपली होती, तशी त्यांचीही केव्हातरी संपली असतीलच ना!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर कुणीच घाबरलेलं नव्हतं. ‘बुलुंगान’ नावाची दुसरी डच बोट तिथे आली. होड्यांतल्या, तराफ्यांवरच्या माणसांना वाटलं, सुटलो. ती जवळ आली, हाकेच्या अंतरावर. तुम्ही डच आहात का, अशी विचारणा झाली. नाही म्हटल्यावर ती बोट वळली आणि निघून गेली. पाणीसुद्धा न देता. समुद्रात बुडणाऱ्याला आधी जात विचारून मग हात देण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही, विहिरीवरची पाळी आपणही पाहिली आहे. पण म्हणून तिला ‘युद्धात होतंच’ म्हणायचं? हे युद्धात झालं नाही, बोटीच्या कठड्याशी उभं राहून विचार करून झालं. बचावात सांगतात की जपानी विमानांचा धोका होता, वरून हुकूम होते. धोका होता हे खरंच, आठवड्याभरानं, 28 जानेवारीला, जपान्यांनी ‘बुलुंगान’लाही बुडवलं. पण थांबून राष्ट्रीयत्व विचारण्याइतका वेळ ज्याला होता त्याला दोर टाकायला वेळ नव्हता, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

चारशेच्या वर माणसं गेली. पासष्टच्या आसपास जिवंत नियास बेटाला लागली. त्या 110 डचांपैकी एकही दगावला नाही.

आता ‘युद्धात असं होतंच’ची शेवटची गाठ. पुढच्याच दीड महिन्यात, 2 मार्च 1942 ला, जावा समुद्रात ‘इकाझुची’ या जपानी विनाशिकेला पाण्यात तरंगणारे ब्रिटिश आणि अमेरिकन नौसैनिक दिसले. शत्रूचे, खऱ्याखुऱ्या शत्रूचे, आदल्या दिवशीपर्यंत तोफा चालवणारे. तिचा कप्तान शुन्साकु कुदो यानं, पाणबुड्यांचा धोका असताना, बोट थांबवली आणि चारशेच्या वर माणसं वर घेतली. आता मी जपानी आरमाराची आरती ओवाळत नाही. त्याच आरमाराच्या पाणबुडीनं 1944 मध्ये ‘चिसालाक’ या डच बोटीवरच्या लोकांना बुडवल्यानंतर कापून काढलं. दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही खरं असल्यामुळेच सांगतो, युद्धात असं ‘होत’ नाही, कुणीतरी ठरवतं. कुदोनं एक ठरवलं, ‘बुलुंगान’वर दुसरं ठरलं.

हॉलंडला हे कळत नाही असं नाही. सप्टेंबर 1944 मध्ये याच सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘जुन्यो मारू’ ही जपानी बोट ब्रिटिश पाणबुडीनं बुडवली. तिच्या पोटात कोंडलेले डच युद्धकैदी आणि वेठीला धरलेले हजारो जावानीज मजूर. पाच हजारांच्या वर मेले. त्यांच्यासाठी डच लोक अश्रू ढाळतात, ढाळायलाच हवेत. बोटीवर खूण का केली नाही, माणसं पोटात का कोंडली, हे प्रश्न जपान्यांना विचारले जातात, तेही योग्यच. मग तेच दोन प्रश्न ‘व्हॅन इमहॉफ’ला का नाहीत? आपला तो बाब्या!

युद्ध संपल्यावर तरी काय? 1950 च्या दशकात चौकशी झाली आणि खटला न भरता फाइल बंद. 1965 च्या सुमारास डिक व्हर्काइक या डच पत्रकारानं ‘वारा’ या टीव्ही संस्थेसाठी यावर माहितीपट तयार केला. साक्षीदार बोलले होते, चित्रण झालं होतं. संस्थेनं तो दाखवलाच नाही. बातमी आली ती जर्मनीतल्या ‘डेर श्पीगल’मध्ये. डच टीव्हीवर यावर माहितीपट यायला 2017 उजाडलं. पंचाहत्तर वर्षं! म्हणजे माझं आजचं वय. एक माणूस जन्मून, शाळेत शिकवून, रिटायर होऊन, डोळ्यांत मोतीबिंदू पिकेपर्यंतचा काळ त्या फाइलीला उघडायला लागला. आणि एवढं सगळं उघड झाल्यावरही माझ्या हातातल्या या देखण्या पुस्तकात ती ओळ तशीच : जपानी बॉम्बहल्ल्यात बुडाली.

दोन्ही कप्तानांची नावं मला माहीत आहेत, इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत. दोन नावांवर खापर फोडलं की वरून हुकूम देणारे, चौकशी गुंडाळणारे आणि फिल्म दाबणारे, सगळे सुटतात. शिवाय माझं भांडण त्या दोघांशी नाहीच. एक घाबरला होता म्हणू, एक हुकमाचा ताबेदार होता म्हणू. माझं भांडण त्या बारीक टाइपातल्या ओळीशी आहे. ती लिहिणाऱ्यावर कुठलंही विमान घिरट्या घालत नव्हतं.

पुतणीला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगबाई! काका, मग ते पुस्तक परत करू का दुकानात?” म्हटलं, नको गं. बोटींचे फोटो सुंदर आहेत. आणि आम्ही मास्तर लोक, पुस्तक चुकलं म्हणून परत करत नाही. आमच्या वेळी पाठ्यपुस्तकात चूक निघाली की शुद्धिपत्र यायचं, ते मुलांकडून त्या त्या पानावर चिकटवून घ्यायचो.

काल दुपारी वहीचं पान फाडून, रेघ मारून, शुद्धिपत्र लिहिलं आणि तक्त्याच्या पानाला खळीनं चिकटवलं. पुढच्या खेपेला जावईबापूंना दाखवीनच. मजकूर असा :

‘व्हॅन इमहॉफ. ‘जपानी बॉम्बहल्ल्यात बुडाली’ याऐवजी असे वाचावे : जपानी बॉम्बहल्ल्यानंतर खलाशी व पहारेकरी, एकूण 110, होड्यांतून निघून गेले. 478 कैदी मागे ठेवले. दुसऱ्या दिवशी आलेल्या डच बोटीने त्यांना घेतले नाही. चारशेहून अधिक मृत्यू. बोट हिंदुस्थानात पोचली नाही.’